वहिनींचा कॅमशाफ्ट

"जुनेच टॅपेट पुन्हा लावताय का तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

मी बंपरवर पोट टेकून इंजिनात वाकलो होतो आणि हातात जुना टॅपेटच होता, त्यामुळे खोटं बोलायची सोय नव्हती. अजून चांगले आहेत, उगाच कशाला टाकायचे, असं काहीतरी मी पुटपुटलो. आमच्या धंद्यातला प्रत्येक मिस्त्री हे वाक्य उठता बसता बोलतो. जे तुटलं नाही ते पुसून परत बसवायचं, असंच आम्ही सगळे शिकलो.

वहिनींनी चहाचा कप मडगार्डवर ठेवला, माझ्या हातातून टॅपेट काढून घेतला आणि अंगणाच्या कोपऱ्यात भिरकावून दिला.

"कॅम नवा तर टॅपेटही नवे. जुन्या टॅपेटना जुन्या कॅमची सवय असते, ते नव्याला खाऊन टाकतील. त्या कॅमवाल्याने मला पुन्हा पुन्हा बजावलंय. या घरात जुन्याशी जमवून घ्यायला मी एकटी पुरे आहे, मिस्त्री."

दारात खुर्चीवर बसलेल्या उस्तादांच्या ओठांचा डावा कोपरा हलला. हसले असावेत. हल्ली त्यांच्या हसण्याचा अंदाजच बांधावा लागायचा.

उस्ताद म्हणजे वहिनींचा नवरा आणि माझा जुना दोस्त. आयुष्यभर त्यांनी हाच एक ट्रक चालवला, खाणीतली खडी भरून डोंगर चढायचा आणि पलीकडच्या शहरात रिकामा करायचा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत वहिनी शेजारच्या सीटवर येऊन बसल्या त्या बसल्याच. क्लीनरचा पगार वाचवतो लेकाचा, असं लोक म्हणायचे. खरं तर त्या दोघांना एकमेकांवाचून करमत नसे, पण हे कबूल करायची दोघांनाही लाज. पुढे उस्तादांनी हौसेने वहिनींना अवजड गाडीचं लायसन्स काढून दिलं. मग गेल्या वर्षी उस्तादांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि वहिनी एका सीटवरून दुसऱ्या सीटवर सरकल्या. बाईमाणूस ट्रक चालवते म्हणून कोणी फोटो काढायला आलं की मला राग येतो. आमच्या रस्त्यावर ती गोष्ट केव्हाच जुनी झाली होती.

जुना झाला होता तो ट्रक. खाणीवर बाकीचे सगळे ट्रक नव्या दमाचे. आमचं धूड काळा धूर ओकत, पहिल्या गिअरमध्ये रडतखडत चढायचं आणि मागे रांग लागून हॉर्न वाजायचे. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे वहिनींची कमाईच नळीवाटे आभाळात जात होती. शेवटी खाणीवरच्या मुकादमाने सांगून टाकलं, की रांगेबरोबर चढत असाल तर या, नाहीतर येऊ नका. हे कळल्याबरोबर उस्तादांचा धाकटा भाऊ भंगारवाल्याशी बोलून आला. त्याला आम्ही सगळे धाकटाच म्हणतो, स्वतःची नातवंडं असली तरी.

आणि वहिनींनी काय केलं, तर त्या कॅमशाफ्ट घेऊन आल्या.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला लोखंडी दांडा. त्यावर ओळीने उंचवटे असतात. दांडा फिरला की एकेक उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट झडप उघडतो, आणि इंजिन श्वास आत घेतं नि बाहेर टाकतं. झडप केव्हा उघडायची, किती आणि किती वेळ, हे सगळं त्या उंचवट्यांच्या आकारावर. वहिनींनी आणलेल्या कॅमचे उंचवटे वेगळ्या घडणीचे होते, म्हणजे श्वास जास्त खोल, डिझेल पुरतं जळणार आणि खालच्या वेगातही ओढ जास्त. एका टपरीवर कुठल्याशा ड्रायव्हरने हे त्यांना सांगितलं, त्याचा आपल्यासारखाच म्हातारा ट्रक चढतानाही दाखवला. वहिनी बसने जाऊन कॅमवाल्याकडून तो दांडा घेऊन आल्या. ओरखडा उठू नये म्हणून उस्तादांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून, मांडीवर आडवा धरून. कंडक्टरने काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, सवत आहे.

मी आधी चक्क नाही म्हणालो होतो. म्हाताऱ्या इंजिनाच्या छातीला हात घालू नये, असं माझं मत. पण जुना कॅम बाहेर काढला आणि मी ते मत गिळलं. उंचवटे झिजून गुळगुळीत झाले होते. एकाचं तर नुसतं नाव उरलं होतं. एवढ्याशा श्वासावर बिचारं इंजिन इतकी वर्षं खडी ओढत होतं, आणि आम्ही त्यालाच शिव्या घालत होतो.

दुपार कलली तोवर नवा कॅम आत सरकला. दातेरी चाकांवरच्या टायमिंगच्या खुणा समोरासमोर आल्या, वहिनींनी कॅमबरोबरच आणलेले नवे टॅपेट बसले, रेडिएटर भरला. आता राहिली सुरू करायची गोष्ट, आणि तिथे आमचं पुन्हा वाजलं. इंजिन उघडून बांधलं की पहिल्यांदा अगदी हळू चालू ठेवायचं, बाळाला न्हाऊ घालावं तसं, हे आमच्या हाडात भिनलेलं. वहिनी म्हणाल्या, अजिबात नाही. नवा कॅम हळू फिरवला तर त्याच्यावर तेल उडत नाही आणि उंचवटे पहिल्या फेरीतच खरवडतात. सुरू झाल्याबरोबर वेग चढवायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं खाली येऊ द्यायचा नाही. मध्ये बंद पडलं तर कॅम गेला समजायचं. मला ते पटत होतं, पण चावी फिरवायची हिंमत नव्हती. मी म्हणालो, मग तुम्हीच बसा, मला बघवणार नाही.

त्या चढून बसल्या. इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा धडधडलं. वहिनींनी पाय दाबला आणि तो आवाज असा चढला की पत्र्यावरची कबुतरं उडून गेली.

नेमका तेव्हा धाकटा भंगारवाल्याला घेऊन अंगणात शिरला.

धाकट्याचा मला राग नाही, हे आधीच सांगतो. भावाला रोज अंघोळ घालायला येणारा माणूस तो. तरुणपणी त्यानेही चार वर्षं ट्रक चालवला होता, आणि म्हणूनच घोटाळा झाला. आताच बांधलेलं इंजिन कोणीतरी ताणतंय हे कुठल्याही ड्रायव्हरच्या कानाला कळतं. एखाद्याचं हाड मोडताना ऐकू यावं तसं ते त्याला ऐकू आलं. तो धावत फुटबोर्डवर चढला. ट्रकची काच कित्येक वर्षं अर्ध्यावर अडकलेली, तिच्यावरून हात घालून त्याने इंजिन बंद करायची मूठ ओढायला पाहिलं. वहिनींनी ती आधीच आपल्या मुठीत घट्ट धरली होती.

"वहिनी, बंद करा. फुटेल ते."

"बंद केलं तर फुटेल. हात काढा, भाऊजी."

"अहो, मी गिऱ्हाईक आणलंय."

"त्यांना चहा द्या."

धाकटा खाली उतरला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. मला वाटलं आता निघून जाईल, पण तो सरळ पुढे आला. बॉनेट उघडंच होतं. इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपावरची कळ दाबली की इंजिन तिथूनही बंद होतं, आणि ते त्याला माहीत होतं. मी मध्ये उभा राहिलो. हातात पाना होता, तो मी मारला असता की नाही हे मलाही सांगता येणार नाही. धाकटा ओरडून म्हणाला की मिस्त्री, तुम्ही तरी शहाण्यासारखे वागाल असं वाटलं होतं. मी ओरडून म्हणालो, मलाही वाटलं होतं.

तो तसाच वळला आणि आवाजावर आवाज चढवून वहिनींशी बोलला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते धुरामुळे नव्हतं.

"उद्या त्या चढावर तुम्हाला काही झालं, तर दादाकडे कोण बघणार? सांगा ना."

"आणि ट्रक गेला तर माझ्याकडे कोण बघणार, भाऊजी? तुम्ही दोन वेळचं जेवण द्याल, मला माहीत आहे. पण मी स्वयंपाकघरात बसून तुमचे उपकार मानत म्हातारी व्हायला जन्मले नाही. मला गाडी चालवता येते. तेवढंच नीट येतं."

पाय तिने तसूभरही सैल केला नव्हता. मी इतकी वर्षं त्यांना अहो-जाहो करत आलो, पण त्या क्षणी मनात 'तिने' असंच आलं, तर तसंच राहू दे.

धाकट्याने मग शेवटचा उपाय केला. दारातल्या खुर्चीपाशी गेला आणि म्हणाला, "दादा, ट्रक तुझा आहे. तूच सांग वहिनींना."

उस्तादांनी आधी भावाकडे पाहिलं, मग काचेमागच्या बायकोकडे. मग त्यांनी डावा हात उचलला आणि चारी बोटं स्वतःकडे हलवली. ट्रक मागे घेताना मागे उभा राहून क्लीनर जी खूण करतो ती. येऊ दे, येऊ दे, अजून जागा आहे. सगळं आयुष्य ही खूण वहिनींनी त्यांना केली होती. ते हात हलवतच राहिले, दुखला असेल तरी थांबले नाहीत.

धाकटा पायरीवर बसला. भंगारवाला बिचारा मधल्यामध्ये उभा होता. मग तो ट्रकच्या मागे जाऊन आला आणि माझ्या कानाशी तोंड आणून त्याने विचारलं, "याचा धूर कुठे गेला?" मी जाऊन पाहिलं. नळीतून उन्हात जेमतेम दिसेल इतकी राखाडी वाफ निघत होती. मला एकदम रडू आलं, आणि मी रेडिएटर बघायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

वेळ भरल्यावर वहिनींनी पाय उचलला. इंजिन खाली आलं आणि एका लयीत चालू राहिलं. त्या उतरल्या आणि मडगार्डला धरून उभ्या राहिल्या. भंगारवाल्याला म्हणाल्या, "उद्या खडी भरून चढणार आहे. नाही चढला तर मीच तुमच्या दारात आणून लावते. तुम्हाला हेलपाटा नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं गॅरेजात लक्ष लागेना. जड सामान उचलायचा माझा चेन ब्लॉक त्यांच्याकडे राहिला होता, तो आणायचं कारण काढून मी अंगणात जाऊन बसलो. धाकटा आधीच येऊन बसला होता. भावाला अंघोळ घालून झाली होती, तरी गेला नव्हता. आम्ही एकमेकांशी हवापाण्याचं बोललो.

डोंगर घराच्या मागेच आहे. चढाचा रस्ता दिसत नाही, पण त्यावरचा प्रत्येक ट्रक ऐकू येतो. वहिनी फेरीला गेल्या की उस्ताद कान देऊन बसायचे. तिकडे त्यांनी गिअर बदलला की इकडे खुर्चीत उस्तादांचा डावा पाय चपलेसकट खाली दाबला जायचा. क्लचचा पाय. अॅक्सिलरेटरचा तर गेलाच होता. मी ते पाहिलं होतं, धाकट्यानेही पाहिलं होतं.

रांग निघाली. पुढचे दोन ट्रक गेले, मग आपला. आवाज नवा होता, पण आम्ही तिघांनीही ओळखला. पायथ्याशी वहिनींनी चौथ्यातून तिसरा टाकला, उस्तादांचा पाय दाबला गेला. देवळाच्या मागे तिसऱ्यातून दुसरा, पुन्हा पाय. पुढे पांढऱ्या दगडाचं वळण. सगळ्यात उभा चढ तोच. भरलेला ट्रक तिथे पहिल्या गिअरवर आणावाच लागे, उस्तादांनी ऐन जवानीतही आणला होता. आवाज वळणापाशी आला. उस्तादांनी पाय उचलून तयार ठेवला.

आवाज तुटला नाही. जरा भारी झाला, दबला, आणि तसाच दुसऱ्या गिअरमध्ये वर चढत गेला. मागून एकही हॉर्न वाजला नाही. धाकटा उठून उभा राहिला आणि मग कशाला उठलो ते न कळून पुन्हा बसला.

वळण मागे पडलं, आवाज डोंगरापलीकडे उतरू लागला. उस्तादांचा पाय अजून तसाच अधांतरी होता. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला. निसटलेली चप्पल धाकट्याने वाकून त्यांच्या पायात घातली.