गोठ्यापलीकडची हद्द

मित्रांनो, मला दोन तोंडे आहेत. एका तोंडाने मी येणाऱ्याला 'महानगरात आपले स्वागत आहे' म्हणतो आणि दुसऱ्या तोंडाने जाणाऱ्याला 'महानगराची हद्द समाप्त' असे बजावतो. दुतोंडी म्हणून मला हसू नका, माझे कामच तसे आहे. दोन लोखंडी खांबांवर उभा असलेला, गंजाने कडा खाल्लेला हद्दीवरचा फलक तो मी. आजूबाजूची माणसे मला नुसते 'पाटी' म्हणतात. मला ते फारसे आवडत नाही, पण हाक मारणाऱ्याचे तोंड कोण धरणार?

माझा जन्म महानगरपालिकेच्या कार्यशाळेत झाला. पत्रा कापून, ठोकून सरळ केल्यावर मला तांबड्या प्रायमरचा एक हात मिळाला, मग पिवळा रंग आणि मग काळी अक्षरे. रंगारीकाकांनी 'स्वागत' मोठ्या अक्षरांत लिहिले आणि 'समाप्त' लहान अक्षरांत. कोणीतरी त्यांना त्याबद्दल टोकले. "येणाऱ्याला मोठं दिसू दे. जाणारा कशाला वाचतोय?" असे म्हणून त्यांनी ब्रश धुवायला घेतला. पुढे कळले की जाणारेही वाचतात. काही जणांना तर तेवढेच वाचावे लागते.

मला प्रथम रोवले ते नाल्यावरच्या पुलाशी. तेव्हा हद्द ठरवणे सोपे होते. नाला ओलांडला की शहर संपले, यावर सगळ्यांचे एकमत होते. माझ्यासमोर फीत कापली गेली, टाळ्या वाजल्या, साहेबांनी माझ्या खांबावर हात ठेवून फोटो काढून घेतला. मी पुष्कळ दिवस त्याच तोऱ्यात उभा होतो. पण घरे काही नाल्याला विचारून थांबत नाहीत. ती पलीकडे गेली आणि त्यांच्यामागून मलाही उपटून नेण्यात आले.

दुसऱ्या जागी नियम वेगळा होता. घराला घर लागून आहे तोवर शहर, मध्ये मोकळे रान लागले की शहर संपले. हा नियम कळल्यावर एका बिलंदराने कर चुकवण्यासाठी आपली जमीन मुद्दाम पडीक ठेवली, आणि त्याच्यामागची अख्खी वस्ती शहराबाहेर राहिली. पुन्हा भांडणे, पुन्हा मोजमापे. शेवटी मला या तिसऱ्या जागी आणले. या वेळी फीतबीत काही नव्हती. कंत्राटदाराने खड्ड्यांत सिमेंट ओतण्याऐवजी माती आणि दगड भरले आणि वर थोडे सिमेंट फासले. मी बोलू शकलो असतो तर तेव्हाच ओरडलो असतो.

इथे माझी फार आबाळ झाली. माझ्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या, मूळव्याधीवरच्या औषधाच्या चिकटल्या, एका हरवलेल्या पोपटाची सुद्धा चिकटली. स्वागताचा 'स्वा' त्या पोपटाखाली गेला. मात्र हद्दीचा वाद निघाला की साहेब लोकांना माझी आठवण येई. जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरून ते माझ्या सावलीत तावातावाने बोलत. पाणीखात्याचे म्हणत, नळ जातो तिथवर शहर. बसखात्याचे म्हणत, शेवटचा थांबा येतो तिथवर. जितकी खाती तितकी शहरे! एकदा नगररचनेचे वयस्कर साहेब सगळ्यांचे ऐकून म्हणाले, "नळ आणि बस आपण नेऊ तिथे जातात. माणसं सकाळी उठून कुठं जातात ते बघा. ज्या वस्तीतली निम्मी कामकरी माणसं रोज शहरात येतात, ती वस्ती शहराचीच. मोजणी करा आणि विषय संपवा."

मला त्यांचे म्हणणे मनापासून पटले. अजूनही पटते. पण मित्रांनो, मोजायला बसायचे कुठे, हे त्यांनी सांगितले नव्हते.

माझ्यापुढे रस्ता चढाचा आणि खडबडीत होता. तो चढून गेले की रस्त्याला लागून एक गोठा आणि गोठ्याच्या मागे एक घर, आणि त्यांच्या आजूबाजूला सगळी वस्ती; पलीकडे नुसती शेते. त्या घरात दोन जावा राहत. थोरलीचा नवरा वारला होता. पाच गाईंच्या जिवावर तिने धाकट्या दिराला शिकवले, त्याचे लग्न लावले. धाकटी घरात आली तशी थोरलीच्या खांद्याला खांदा लावून कामाला लागली. दीर शहरात गोदामावर कामाला होता, तो भल्या सकाळीच निघून जाई. डेअरीची गाडी हद्दीबाहेर येत नसे, म्हणून या दोघी रोज दुधाचे कॅन हातगाडीवर घालून माझ्यापाशी येत आणि माझ्या खांबांना टेकून गाडीची वाट पाहत. त्यांची सारी सुखदुःखे मी अशी फुकटात ऐकली.

मोजणी होणार असल्याचे कळले तेव्हा धाकटीला दिवस गेले होते. ती हरखून म्हणाली, "जाऊबाई, आपण हद्दीत आलो तर दवाखान्याची गाडी थेट दारात येईल."

"आणि गोठा?" थोरली म्हणाली. "हद्दीत जनावरं ठेवू देत नाहीत. गाई गेल्यावर मी काय करू? दारात येणारी गाडी बघत बसू?"

"असं नाही हो. पण बाळासाठी..."

"बाळाला दूधही लागेल की नाही?" असे म्हणून थोरलीने विषय मिटवला. तिचे चूक होते असे मी म्हणणार नाही. पोट भरणारी वस्तू सुखासुखी कोण सोडतो?

मग मोजणीदार आले. त्यांनी वस्तीच्या थांब्यावर, म्हणजे माझ्या पलीकडच्या थांब्यावर, घडीच्या खुर्च्या टाकल्या आणि कागद घेऊन बसले. त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. तिकिटाचा टप्पा माझ्यापाशी बदलत असे. पलीकडे बसमध्ये चढले की भाडे जास्त पडे. त्यामुळे वस्तीतली माणसे त्या थांब्यावर उभीच राहत नसत. ती गोठ्यामागच्या पायवाटेने शेत तुडवत खाली उतरत आणि माझ्या अलीकडच्या थांब्यावर बस धरत. गवंडी, शिवणकाम करणाऱ्या बाया, गोदामातले हमाल, सगळे त्याच वाटेने. मोजणीदार वर बसून माशा मारत होते आणि ज्यांना मोजायचे ती माणसे त्यांच्या पाठीमागून चालली होती. मी दोन्हीकडे पाहत होतो. माझ्या दोन्ही तोंडांतून एक शब्द निघाला नाही.

परत जाताना त्यांच्यातला एक जण माझ्यापाशी थांबलेल्या थोरलीला म्हणाला, "मावशी, तुमच्या वस्तीतलं कुणी शहरात कामाला जात नाही वाटतं?"

धाकटी त्या दिवशी बरोबर आली नव्हती. थोरलीने कॅनचे झाकण उगाच दाबून बसवले. "ज्याला जायचं तो जातो बापडा," ती म्हणाली.

तेवढ्यावर वस्ती बाहेर राहिली.

धाकटीला कळा सुरू झाल्या त्या दुपारी. घरात दोघीच होत्या. फोन केल्यावर दवाखान्याची गाडी आली, पण ती माझ्यापाशी थांबली. चालकदादा खाली उतरून रस्त्याकडे पाहत उभे राहिले. थोरली धावत आली.

"दादा, वर चला हो! बाई अडलीय."

"ताई, मला पाटीपर्यंतच हुकूम आहे. मागं एकानं पुढं नेली, त्याला घरी बसवलं. तुम्ही खाली आणा, मी इथून वाऱ्यासारखा नेतो."

हाक पोचेल एवढेच अंतर होते, पण वेदनेने कळवळणारे माणूस हाकेसारखे पोचत नाही. थोरलीने हातगाडीवरचे कॅन फेकून दिले, पोती अंथरली आणि धाकटीला त्यावर घालून त्या दगडधोंड्यांतून खाली आणली. चालकदादा माझ्या खांबांपर्यंत धावले, तिथे क्षणभर अडखळले, आणि मग पुढे पळत जाऊन त्यांनी गाडीला हात लावला. त्या दिवशी मी नसतो तर बरे झाले असते. मला स्वतःचा तितका राग पुन्हा कधी आला नाही.

धाकटी वाचली. बाळ वाचले नाही.

त्यानंतर दोघी पूर्वीसारख्याच हातगाडी घेऊन येत, पण बोलत नसत. धाकटीला कोणाकडून तरी मोजणीची हकीकत कळली असावी. तिने भांडण केले नाही, दोष दिला नाही. ती माझ्या एका खांबाशी उभी राही आणि थोरली दुसऱ्या. मधल्या पत्र्याएवढी जागा त्यांनी दीड वर्ष ओलांडली नाही. मित्रांनो, मी पुष्कळ हद्दी पाहिल्या, पण इतकी अवघड दुसरी पाहिली नाही.

धाकटीला पुन्हा दिवस गेले. नववा महिना लागला तेव्हा एका सकाळी थोरली एकटीच आली. हातात पहार होती आणि मागे तांबडी नावाची तिची सर्वांत मोठी गाय. थोरलीने माझ्या पायथ्याचे सिमेंट फोडले. खालची माती पाहून ती पहिल्यांदाच त्या कंत्राटदाराविषयी चांगले बोलली. मग तिने माझ्या खांबांना दोर बांधला, दुसरे टोक तांबडीच्या गळ्यात अडकवले आणि तिच्या पाठीवर थाप मारली. तांबडीने मान खाली घालून ओढ घेतली. जिच्या डोक्यावरचे छप्पर माझ्यामुळे जाणार होते, तिनेच मला उपटले, आणि त्या बिचारीला त्यातले काही ठाऊक नव्हते.

थोरलीने मला हातगाडीवर आडवे घातले आणि चढ चढून वर नेले. गोठा मागे पडला, घर मागे पडले. मला वाटले, आता थांबेल. पण गोठ्याला बाहेर ठेवून घर आत घेता येईल असा मार्गच नव्हता. गोठा रस्त्याकडेला होता आणि घर त्याच्या मागे. घरापलीकडे शेताच्या बांधाशी तिने खड्डे खणले, मला उभे केले आणि दगड ठोकून ठोकून घट्ट बसवले. वर्षानुवर्षे नकाशे पसरून जे कोणाला ठरवता आले नाही, ते एका बाईने पहारीने ठरवले.

धाकटीने पाण्याची कळशी भरताना दारातून हे सारे पाहिले. थोरली हात धुवायला आली तेव्हा तिने कळशी तिच्या हातांवर तिरपी केली.

पुढच्याच आठवड्यात गाडी बोलवावी लागली. तेच चालकदादा होते. जुन्या जागी त्यांनी गाडी थांबवलेली मला वरून दिसली. बुजवलेले खड्डे त्यांना दिसले नसतील असे शक्यच नव्हते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी माझी लहान अक्षरे जमेल तितकी ताठ धरून उभा राहिलो. गाडीचा आवाज वाढला आणि ती चढ चढून थेट दारात आली.

"पाटी दिसते तिथवर माझी गाडी, ताई," एवढेच ते म्हणाले आणि स्ट्रेचर काढायला धावले.

मुलगी झाली, ठणठणीत.

महिन्याभराने जनावरांच्या खात्याचे निरीक्षक फिरतीवर आले. फलकाच्या आत गोठा पाहून ते चकित झाले. त्यांनी जवळचा नकाशा उघडला, मला पाहिले, पुन्हा नकाशा पाहिला. माणूस सज्जन होता.

"मावशी, कुणीतरी पाटी हलवलीय. नकाशाप्रमाणे तुमचा गोठा बाहेर आहे. घाबरू नका. मी माणसं पाठवून पाटी जागेवर नेतो, तुमच्या गाई राहतील."

थोरली वैरण टाकत होती. ती थांबली. "मग दवाखान्याची गाडी कुठवर येईल?"

"अर्थात जुन्या जागेपर्यंत."

मला वाटले, आता ती गप्प बसेल. एकदा गप्प बसल्याने तिच्या गाई राहिल्या होत्या, आताही राहिल्या असत्या. धाकटी मुलीला घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"पाटी बरोबर आहे, साहेब. नकाशा चुकलाय," थोरली म्हणाली. "तुमचे लोक वरच्या थांब्यावर बसले. आमची माणसं या मागच्या वाटेनं जातात, सगळीच्या सगळी. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"मावशी, हे मी वर कळवलं तर मोजणी पुन्हा होईल. वस्ती आत येईल. मग गोठा ठेवता येणार नाही. नीट विचार करा."

"पाटी मीच हलवली. तेही कळवा."

धाकटी पुढे आली. "जाऊबाई, अहो, गाई..."

"गाईंना दुसरा गोठा मिळेल," थोरली म्हणाली आणि उरलेली वैरण टाकू लागली.

मोजणीदार पुन्हा आले आणि या वेळी पायवाटेवर बसले. नव्या नकाशातली रेघ माझ्या पायांखालून गेली. गाई दूरच्या एका गोठ्यात गेल्या. तांबडी टेम्पोत चढेना, तेव्हा थोरलीने तिच्या कानाशी तोंड नेले आणि स्वतः आधी चढली. आता ती दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला जाते. सुटीच्या दिवशी सवयीने पहाटे उठते, रिकाम्या गोठ्यात उभी राहते आणि परत घरात जाते.

मित्रांनो, शहर वाढतच राहणार आणि हद्दी बदलतच राहणार. मी तर आता फार थकलो आहे, पुढच्या वेळी उपटला गेलो की बहुधा भंगारातच जाईन. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी नकाशे काढील. त्याला माझी हात जोडून विनंती आहे. रेघ ओढण्याआधी त्या रस्त्याने एकदा पायी जा, आणि पाठीमागच्या वाटेनेही जा. रेघेच्या आत येणाऱ्याला काय मिळेल ते तुम्ही सांगालच. त्याच्या हातून काय जाईल तेही त्याला विचारा, आणि ते भरून देण्याची काही सोय करा. माझ्या समोरच्या गोठ्यासाठी ती कोणी केली नाही.