वहिनीने नापास केलेली टाकी

लेथवर काम करणाऱ्या धाकट्या दिराने छर्ऱ्यांची बंदूक स्वतःच्या हाताने बनवली होती. पितळेची नळी, लाकडी दस्ता, आतला व्हॉल्व्हसुद्धा घरचाच. रविवारी जुन्या गोदामात डोळ्यांना गॉगल लावून डब्यांवर नेम धरणारी सहा जणांची टोळी होती, आणि तिच्यात त्याच्या बंदुकीचा तोरा काही और होता. अडचण एकच. बंदुकीला हवेचा दाब लागायचा आणि तो देणारा कॉम्प्रेसर दोन माणसांनी उचलावा एवढा. कमरेला लटकवता येईल असं काहीतरी त्याला हवं होतं.

आधी त्याने सोड्याच्या मशीनचं छोटं सिलिंडर लावून पाहिलं. पहिले दहा-बारा छर्रे सुसाट गेले. मग सिलिंडर बर्फासारखं गार पडलं आणि छर्रे डब्यापर्यंत पोचेपर्यंत दमायला लागले. तेव्हा भंगारातून त्याने आग विझवायची एक जुनी टाकी आणली, घासूनपुसून लाल रंग दिला आणि मोठ्या ऐटीत वहिनीपुढे ठेवली.

वहिनी सिलिंडर तपासायच्या कारखान्यात अठरा वर्षं होती. घरात ती कमी बोलायची. दिराला वाटायचं, तिला या खेळात काही रस नाही. तिने टाकी उलटी केली, बुडाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"भाऊजी, रंग कधी दिलात?"

"काल. का?"

"रंगाखाली काय होतं ते आठवतंय?"

"थोडा गंज होता. घासला की सगळा."

"उद्या कारखान्यात या. ही घेऊन या."

त्याला राग आला. इतक्या मेहनतीने आणलेल्या वस्तूत खोट काढायची म्हणजे काय? पण तो गेला. वहिनीने टाकी पाण्याने काठोकाठ भरली, जाड लोखंडी पिंजऱ्यात ठेवली आणि बाहेरून हातपंपाने दाब चढवू लागली. दाब दाखवणारा काटा हळूहळू सरकत होता. दीर एरवी ज्या दाबावर बंदूक चालवायचा, त्याच्या थोडा पुढे काटा गेला आणि पिंजऱ्यातून 'फट्' असा आवाज आला. बुडाशी बोटभर चीर पडली होती. पाणी जमिनीवर पसरलं, एवढंच.

"पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून टाकी नुसती फाटली," वहिनी म्हणाली. "आत हवा असती तर हा पत्रा तुमच्या कमरेत असता."

दिराने वाकून ती चीर पाहिली. रविवारी तो हीच टाकी बांधून जाणार होता, आणि शेजारी सगळी टोळी उभी असणार होती.

वहिनीने एका शब्दानेही टोचलं नाही. मांडणीवरून तिने दुधाच्या किटलीएवढी एक लोखंडी बाटली काढली. खांद्यावर चाचणीची तारीख कोरलेली, दाब सांभाळायला रेग्युलेटर, जादा झाला तर सोडून द्यायला सेफ्टी व्हॉल्व्ह. "यात साधी हवाच भरू. पुन्हा पुन्हा भरावी लागेल, पण गार पडून दगा देणार नाही."

"किती छर्रे सुटतील?"

"चाळीस."

"मला दोनशे हवे होते."

"दोनशे हवे असतील तर कॉम्प्रेसर पाठीवर घ्या."

तो हसला. चाळिसांवर सौदा पटला.

रविवारी वहिनी पहिल्यांदाच गोदामात आली. पहिला छर्रा आणि चाळिसावा छर्रा एकाच जोराने गेले. डब्यावरची भोकं नाण्याने झाकता येतील इतकी जवळ पडली. त्याने आग्रह केला म्हणून वहिनीनेही तीन छर्रे सोडले. तिन्ही डबा चुकवून मागच्या वाळूच्या पोत्यात गेले. "मला पंपच बरा," म्हणत तिने बंदूक परत दिली.

दीर तिच्याकडे बघत राहिला. अठरा वर्षं ही बाई रोज असल्या टाक्या हाताळते, अंगठ्याने खोट ओळखते, आणि घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. मग त्याने टोळीला फाटलेल्या टाकीची गोष्ट सांगितली, स्वतःचा मूर्खपणा न लपवता.

तेव्हा बाकीच्या पाच जणांनी एकेक करून आपापलं सिलिंडर आणून वहिनीपुढे ठेवलं. पाचांपैकी तिने तीन नापास म्हणून बाजूला काढली. कुणी हुज्जत घातली नाही. ज्या दोघांची तिने ठेवू दिली, त्यांच्यातला एक, धंद्याने शिंपी, मात्र दिवसभर परीक्षेत पहिला आल्यासारखा हिंडत होता.