वेंडल घर ओढायला आला तेव्हा

आमच्या घराला चाकं आहेत हे मला चांगली दहा वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. खालून चारी बाजूंनी पत्र्याची झालर, झालरीला टेकून शेजारच्या खामफूआजोबांच्या मिरच्यांच्या बादल्या. घराच्या पोटाखाली काय आहे ते फक्त मांजरांना ठाऊक. मग एकदा वादळात झालर उडाली, मी वाकून बघितलं तर खरंच चाकं! हवा गेलेली, कोळ्यांनी जाळी विणलेली. धावत जाऊन बाबांना सांगितलं तर म्हणाले, "असू देत. झोपलीयेत ती. उठवू नकोस."

या फेब्रुवारीत त्यांना उठवावं लागलं.

झालं असं की आमची वस्ती विकली गेली. ओटर क्रीक गावाच्या पूर्वेला, बैल कापायच्या कारखान्याचा वास थेट नाकात येतो तिथे आमची लांबट घरं ओळीने उभी. जागा मालकाची, घरं आमची. नव्या मालकाला तिथे गोदाम बांधायचंय. मार्च लागायच्या आत घरं न्या, नाहीतर सोडून जा. ऐकायला किती सोपं! पण गावातल्या दुसऱ्या वस्तीत जुनं घर घेतच नाहीत, त्यांना नवं चकाचक लागतं. आणि भाड्याची खोली विचारूच नका. कारखान्यात नवीन लागलेली माणसं मोटेलच्या एकाच पलंगावर पाळीपाळीने झोपतात, एक कामावर गेला की दुसरा त्याच्या उबेत शिरतो.

बाबांनी मात्र जागा शोधली. गावाबाहेर लोइस नावाच्या बाईंचा जुना गोठा आहे, त्याच्या मागच्या माळावर घर ठेवा म्हणाल्या त्या. घर तिथे पोचलं, तर आम्ही ओटर क्रीकमध्ये. नाही पोचलं, तर आयोवात काकाच्या तळघरात, बाबांना तिथल्या डुकरांच्या कारखान्यात पुन्हा पहिल्यापासून, आणि मला नवी शाळा.

नवी शाळा! इथे तर आत्ता कुठे मला कंठ फुटलाय. दोन वर्षांपूर्वी कुणी नाव विचारलं तरी मी बुटांकडे बघायची. आणि आता? सप्टेंबरपासून शाळेच्या स्पीकरवर सकाळच्या सूचना मी वाचते, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, आणि दर शुक्रवारी बाबांबरोबर कारखान्यात काम करणाऱ्या होदनमावशीने शिकवलेलं एक सोमाली वाक्य. ते ऐकून सोमाली मुली बाकं बडवतात. आमच्या घरची भाषा यातली एकही नाही. ती ग्वातेमालाच्या डोंगरातली. तीही एक दिवस वाचणार आहे मी.

तर वेंडल. घरं ओढणारा माणूस. या भागात तो एकटाच उरलाय आणि ते त्याला माहीत आहे. रविवारी आला, झालर काढून घराखाली पाठीवर सरपटत गेला, बऱ्याच वेळाने बाहेर आला तो दाढीत कोळ्याचं जाळं घेऊन.

"पोरी, बापाला विचार, आत काय भरलंय? लोखंडाला पोक आलंय."

मी विचारलं. बाबांनी त्याला आत नेलं आणि फरशी दाखवली.

आता ही फरशी म्हणजे आमच्या घराचं नाक. बाकी सगळ्यांकडे प्लास्टिकची चटई नाहीतर विटका गालिचा. आमच्याकडे दारापासून चुलीपर्यंत खऱ्या, तांबड्या, भाजक्या फरशा. दोन उन्हाळे खपून बाबांनी बसवल्या. मध्यरात्रीपर्यंत कारखान्याच्या गोठवणीत सुरी चालवून बोटं वळत नसायची, तरी सकाळी उठून गुडघ्यांवर बसायचे. "पायाला गार लागत नाही ती जमीन कसली?" म्हणायचे. होदनमावशी पहिल्यांदा आली तेव्हा मोजे काढून नुसती उभी राहिली होती. आई तर रोज पुसताना गाणं म्हणायची, आणि आईचं गाणं ऐकणं हा काही साधा प्रसंग नव्हे.

वेंडलने बुटाची टाच आपटली. ठण्ण.

"अरे देवा," तो म्हणाला. "हे असलं घर नाही रे बाबा. हा कागदाचा डबा आहे, यात चर्च बांधायचं नसतं."

मी बाबांना सांगितलं. चर्च मात्र गाळलं.

"फरशा काढा सगळ्या. शनिवारी उजाडता उजाडता येतो. जमीन दगडासारखी गोठलेली आहे तोवर ओढायचं. ऊन चढलं की फाटकापाशी चिखल होतो, मग मी हात लावणार नाही."

सोमवारी बाबांनी फरशांना हात लावला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मी शाळेतून आले तर दाराशी छिन्नी आणि हातोडा, आणि चार फरशा अख्ख्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. पाचवी फुटली होती. सहावीपण. बाबांना त्या अख्ख्या काढून माळावर परत बसवायच्या होत्या, पण सिमेंटने त्यांना असं धरलं होतं की बस. गुरुवारपासून त्यांनी गुंडाळणं सोडलं. आई तुकडे बादलीत भरून बाहेर ओतायची, आणि बाहेर जाताना प्रत्येक वेळी चपला घालायची, आत येताना काढायची, त्या उकरलेल्या जमिनीवरसुद्धा.

शनिवारी अंधार फिकट होतोय न होतोय तोच वेंडलचा ट्रक दणदणत आला. चुलीखालच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या होत्या. आधीच्यांखाली नुसतं सिमेंट आणि पांढरी लाकडी फळी निघाली होती. बाबांनी शेवटच्या ओळीत पहार घातली, फरशी उचलली, आणि खालून वास आला. ओल्या कुत्र्याचा असतो तसा.

फळी काळी होती. वेंडलने खिशातून पेचकस काढला आणि टेकवला. भिजलेल्या पावात जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला.

"मोरीचा नळ गळत असणार," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं. वर फरशी, म्हणून कुणाला दिसलं नाही. ही भिंत कशावर उभी आहे माहितीये, पोरी? त्या फरशीवर उभी होती."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

मी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. बाबांनी पहार खाली ठेवली. मग म्हणाले, "त्याला म्हणावं, ओढ."

"नाही ओढणार," वेंडल म्हणाला. "रस्त्यात मोडलं तर माझ्या नावावर."

होदनमावशी तोवर डबा घेऊन आली होती, आमच्या वाटेतल्या खाण्याचा. ती दारातूनच म्हणाली, "अगं सूचनावाली, शाळेत एवढी टिवटिव करतेस, याच्यापुढे काय दातखीळ बसली का?"

मग काय! मी बोलले. अशी बोलले की मलाच माझा आवाज परका वाटला. सोडून गेलो तरी हे घर मोडणारच आहेत, मग प्रयत्न करून मोडलं तर कुणाचं काय गेलं? आतून फळ्यांचे टेकू देऊ, खामफूआजोबांकडे फळ्या आहेत. तुम्ही हळू चालवा. आम्ही दोन्ही बाजूंनी चालतो, काही हललं की ओरडतो. वेंडल दाढी खाजवत ऐकत होता.

"तू वकील हो," तो शेवटी म्हणाला. "आणि दुसऱ्या कुणाला तरी छळ."

खामफूआजोबांनी मिरच्यांच्या मांडवाच्या फळ्या उपसून आणल्या. मी आणि होदनमावशी धरायचो, बाबा ठोकायचे. आजोबा प्रत्येक खिळ्यागणिक मान हलवायचे आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटायचे, ते चांगलं होतं की वाईट ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. टेकू लागले, चाकांत हवा भरली, साखळ्या आवळल्या. आणि तेवढ्यात समोरच्या छपरावरचा बर्फ टपकायला लागला.

वेंडलने वर बघितलं. सूर्य जवळजवळ माथ्यावर आला होता. मग तो ट्रकमध्ये चढला.

घर हललं! खरं सांगते, त्या क्षणी मी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं एका जागी उभं असलेलं आपलं घर सुस्कारा टाकून चालायला लागलं की दुसरं काय करणार माणूस? खिडकीतला पडदा हलत होता. आई एका बाजूने चालत होती, पत्र्यावर हात ठेवून, गाईला बाजारात नेताना ठेवतात तसा. बाबा दुसऱ्या बाजूने. वस्तीतले राहिलेले लोक दारांत आले. कुणी हात हलवला, कुणी छातीवर क्रूस काढला.

फाटकापाशी वळण आहे. उजवीकडची चाकं कडेला गेली, आणि कडेची जमीन आता दगड नव्हती. मागचं चाक हळूच, अगदी सावकाश, आत गेलं.

"थांबा!" मी ओरडले. बाबा आपल्या भाषेत ओरडले. होदनमावशी तिच्या. वेंडलने ब्रेक दाबला, पण घराला कुठे ब्रेक असतात? ते पुढे झुकलं, आणि चुलीच्या बाजूने आवाज आला. मोठा नव्हता. मक्याचं सुकं कणीस मोडावं तेवढाच. मग भिंत वरून सुटली, छपराची कड उघडली, आणि आमचं स्वयंपाकघर रस्त्याला दिसायला लागलं. कपाट, कॅलेंडर, आईचा झारा.

वेंडल खाली उतरला, टोपी काढली, घराभोवती एक फेरी मारली आणि परत टोपी घातली.

"पोरी," तो म्हणाला, आणि पुढचं त्याने मला सांगितलंच नाही. बाबांनीही विचारलं नाही.

पोलीस आला. तरुण होता, बिचारा, माझ्या सूचना ऐकणाऱ्या कुणाचा तरी मोठा भाऊ असावा. रस्ता अडलाय, दुपारच्या पाळीच्या गाड्या यायला लागतील, यंत्र बोलावलंय, ते घर बाजूला ढकलेल म्हणाला. वहीत लिहिता लिहिता त्याने विचारलं, "यात कुणी राहत होतं का?"

"राहतो," मी म्हणाले. "आम्ही."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग घराकडे. "यंत्र यायला थोडा वेळ आहे," म्हणाला. "काढा काय काढायचं ते."

बाबांची पाळी तीनची. आधीच या महिन्यात त्यांचा एक खाडा झाला होता, आणखी एक झाला तर घरीच बसा म्हणतात. ते चिखलात उभ्या उभ्या रबरी बूट चढवायला लागले. मी म्हणाले, "बाबा, आज नका जाऊ."

"मग कुठे जाऊ?" ते म्हणाले.

होदनमावशीचीही तीच पाळी. तिने त्यांना गाडीत घेतलं. गाडी घराला वळसा घालून गेली, तेव्हा बाबा समोरच बघत होते.

मग सगळे लागले कामाला. घर उघडंच होतं, त्यामुळे सोपं गेलं. खामफूआजोबा आणि वेंडलसुद्धा त्या फटीतून हात घालून भांडी, चादरी, माझी पुस्तकं बाहेर देत होते, मी रस्त्याच्या कडेला रचत होते. आई तेवढी आली नाही. ती पुढच्या बाजूला गेली. पायऱ्या जुन्या जागीच राहिल्या होत्या, दाराचा उंबरा आता तिच्या छातीपर्यंत उंच.

"आई, इकडून ये ना," मी ओरडले. "इकडे सगळं मोकळंय."

तिने ऐकलं नसल्यासारखं केलं. एक बादली शोधली, उपडी घातली, तिच्यावर चढली. दार चौकटीत अडकलं होतं, तिने खांदा लावून ते उघडलं, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि आत गेली.