टेकडीवरचा ढोल

"अहो, इकडे या आधी! चुलीपाशी मासा फिरतोय."

अपिसाई कमरेची सुलू, म्हणजे त्यांची लुंगी, गुडघ्यावर खोचून स्वयंपाकघराच्या दारात आला. उधाणाचं पाणी घरात शिरलं होतं, त्यात नवं काही नव्हतं. पण चुलीच्या दगडांमधून वीतभर लांबीचा एक बोय मासा ऐटीत फेऱ्या मारत होता, भाड्यानं घर बघायला आल्यासारखा. अपिसाईला हसू फुटलं. केलेरा बाकावर पाय वर घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा पार उतरला होता.

"हसताय काय? ढोल अजून खालीच आहे ना? मग हा आत आला कसा?"

प्रश्न बिनतोड होता. अपिसाईचं हसू तिथंच थांबलं.

नांगालितो गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ. पणजोबांच्या काळी गावानं नवा देव घेतला आणि लढाईचा मोठा लाकडी ढोल चर्चपुढे आणून ठेवला. तेव्हा जुन्या देवांचा शेवटचा पुजारी बोलून गेला, 'हा ढोल टेकडीवर वाजेल आणि तुमच्या घरांत मासे पोहतील.' एवढंच. म्हातारा मरून गेला आणि त्याचं भाकीत गावाच्या मानगुटीवर बसलं. वादळं आली, तेव्हा माणसं कोंबड्या काखोटीला मारून टेकडीवर पळाली, पण ढोलाला कुणी बोट लावलं नाही. गेल्या वर्षी सरकारनं वर घरं बांधून दिली. अख्खं गाव वर गेलं, पाद्रीबाबा गेले, चर्चचे बाकसुद्धा गेले. ढोल मात्र खालीच. खाली सगळ्यांच्या आईबापांच्या कबरी होत्या. त्या बुडवायचं पाप कोण घेणार?

ढोल खाली, म्हणून तो वाजवणारा अपिसाई खाली, असं लोकांना सांगायचं. खरं कारण केलेरा होती. त्यांचा एकुलता एक सेमी मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. होडी मिळाली नाही, वल्हं मिळालं नाही. धुकं असलं की बापाच्या ढोलाच्या आवाजावर तो खडकांच्या रांगेतून वाट काढत यायचा. तो गेल्यावर केलेरानं एकदाच तोंड उघडलं होतं, "ढोल वर नेलात आणि किनारा बुडाला, तर माझं पोर येईल कुठं?" अपिसाईनं पुन्हा विषय काढला नाही, ढोल मात्र खालूनच वाजवत राहिला. सेमी आता यायचा नाही हे त्याला कळत होतं. तिलाही कळत असावं. पण कळणं वेगळं आणि बायकोच्या तोंडावर बोलणं वेगळं.

केलेरानं टोपली पाण्यात बुडवून तो बोय अलगद धरला. अपिसाईला वाटलं, आता कालवण. पण ती उठली, दारापर्यंत पाणी तुडवत गेली आणि तिनं मासा सोडून दिला.

अपिसाईला हा मासा काही गप्प बसू देईना. आधीच माणूस चौकस. पाद्रीबाबांनाही प्रवचनात अडवून 'का' विचारणारा. दुखरे गुडघे सांभाळत तो टेकडी चढला आणि लाइसानी आत्याकडे गेला. गावात सगळ्यांत म्हातारी तीच. ओसरीवर बसून ती नुसत्या बोटांच्या अंदाजानं चटई विणत होती.

"ये रे. खालचा राजा आज वर कसा?"

"आत्या, घरात मासा आला."

"मग तळायचा!"

"चेष्टा नको. ढोल वर वाजला की मासे येणार, असं ना? ढोल तर वर वाजलाच नाही. मग म्हाताऱ्याचं भाकीत खरं म्हणायचं की खोटं?"

आत्याची बोटं थांबली.

"आधी हे, मग ते, असं तो कुठं म्हणाला? त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. एकीमुळे दुसरी होते, हे आपणच चिकटवलं. घाबरलेल्या माणसाला कारण लागतं, लेका."

"पण त्याला दिसलं कसं?"

"माझी आजी सांगायची, तो रोज तिवरांपाशी बसून पाण्याकडे बघायचा. किनारा खचतोय हे बघायला देव कशाला हवा? पाणी चढलं की माणसं चढणार. माणसं चढली की आज ना उद्या ढोल चढणार."

"म्हणजे नुसती नजर! दैवी काही नाही."

"मग मासे रे?" आत्या मिश्कील हसली. "पाणी येईल म्हणाला असता, तर मीही म्हटलं असतं, नजर. पण तो मासे म्हणाला. ते मला काही उमगलं नाही बाबा. वर गेले की विचारते त्याला. माझी पाळी आता आलीच."

अपिसाई हे सगळं घोळवत खाली उतरला, तर केलेरा किनाऱ्यावर उभी. पुतण्या वातिसोनी होडी ओढत होता.

"वातिसोनी, तुझ्या काकांचा ढोल तुला कुठवर ऐकू येतो?" ती विचारत होती.

"खडकांच्या रांगेपर्यंत, काकी. पलीकडं नुसत्या लाटा."

"आणि वरून वाजवला तर?"

वातिसोनीनं काकाकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होता.

"ते कसं सांगू? पण परवा मी रांगेच्या पार बाहेर होतो, तरी वरच्या बायकांचं गाणं ऐकू येत होतं. तुमच्या जावेचा बेसूर तर स्पष्ट."

तो हसला. केलेरा हसली नाही.

"म्हणजे आपण इतकी वर्षं त्याला हाका मारतोय," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आणि त्या रांगेच्या पुढं गेल्याच नाहीत."

 अपिसाईनं तिचा हात धरला, पण तिनं तो सोडवून घेतला. "गावाला सांगून या," ती म्हणाली. "ढोल वर न्या. मासा यायचा तो आलाच."

गावप्रमुख रातू इनोके स्वतः मानाचं पेय करायची यांगोनाची मुळं घेऊन खाली आले. ढोल हलवायचा तर वाजवणाऱ्याच्या घराची परवानगी मागायची, ही रीत. पण त्यांनी मुळं अपिसाईपुढे न ठेवता केलेरापुढे ठेवली. तिनं दोन्ही हातांनी ती स्वीकारली. मग गड्यांनी बांबूंवर ढोल उचलला. दर वळणावर ते मागं वळून पाण्याकडे बघत होते.

रविवारी सकाळी अपिसाईनं टेकडीवर पहिला ठोका दिला. गाव चर्चमध्ये जायचं सोडून टेकडीच्या कडेच्या कठड्याशी जमलं. समुद्र उसळी मारून वर येणार, असेच सगळे बघत होते. समुद्र होता तिथंच होता. कबरी दिसत होत्या. कुणीतरी सुस्कारा सोडला, कुणी हसलं, पाद्रीबाबांनी हाकारून सगळ्यांना आत नेलं.

अपिसाई मात्र काठ्या धरून थांबला होता. खाली असताना ठोका टेकडीवर आपटून परत यायचा आणि तो आल्याशिवाय अपिसाई दुसरा देत नसे. हाताला सवय होती. आज ठोका समुद्रावर निघून गेला आणि परत आलाच नाही.

केलेरा कठड्याशी एकटीच उरली होती. तिचं तोंड खडकांच्या रांगेकडे होतं.

"थांबलात का?" ती मागं न बघता म्हणाली. "वाजवा."

"सगळे आत गेले गं."

"जाऊ देत. तुम्ही वाजवा."

त्यानं काठ्या उचलल्या.