एकशेवीसची खाच

“आता त्या बटणाला हात लावाल तर बघा!” घासूकाका गुरगुरले, आणि मॅडमनी खरोखरच हात मागे घेतला.

सूक्ष्मदर्शकाखाली काडेपेटीएवढी भट्टी आणि भट्टीत तांदळाएवढा स्फटिक. असे तीन होते. त्यातले दोन मॅडमनी घाईघाईने थंड केले. एकशेवीस अंशांवर स्फटिक आतल्या आत कूस बदलतो. तिथेच दोन्ही तडकले. हा तिसरा गेला की मॅडमचं चार वर्षांचं संशोधन केरात.

स्फटिक घासून त्याचा आरसा करणं ही काकांची नोकरी. “मी घासलेल्यावर माशी बसली की घसरते. दोघींचे पाय मोडलेत,” असं ते नव्या माणसाला गंभीरपणे सांगत. आज त्यांचा शेवटचा दिवस. खाली साहेब निरोपाचं भाषण खिशात घेऊन ताटकळले होते.

“काका, सगळे थांबलेत हो. जरा भरभर?”

“भाषण गार झालं म्हणून तडकत नाही, बाई.”

भट्टीची आच कमी करायच्या गोल बटणावर काकांनी दोन वर्षांपूर्वी कानशीने खाचा पाडल्या होत्या. आकडे वाचत बसायला वेळ कुणाला, म्हणाले होते. एका खाचेवर बोट, पंधरा श्वास, मग पुढची खाच. पायांना मुंग्या आल्या, खालून दोनदा बोलावणं आलं, काका ढिम्म.

मॅडम डोळा लावून होत्या. प्रकाश गाळणाऱ्या ध्रुवक काचांमधून स्फटिक अजून काळाकुट्ट दिसत होता; न तडकता कूस बदलली, तर त्यात रंगीत पट्ट्या उमटणार होत्या.

“एकशेवीस,” त्या पुटपुटल्या.

काकांचं बोट थांबलं. तीस श्वास. मग अर्धीच खाच.

एका कोपऱ्यातून उजळ पट्टी सरकत आली. तिच्या शेजारी दुसरी, तिसरी. तडा एकही नाही.

“आल्या! काका, पट्ट्या आल्या! निळी, पिवळी...”

“न येऊन सांगतात कुणाला?”

मॅडमनी भराभर फोटो काढले, सवयीने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला आणि नोंदवही ओढली. “तुम्ही बघा ना आता.”

काका डोळा लावून बसले. बराच वेळ.

“वा! निळी काय खुललीय!”

मॅडमनी मान वर केली. दिवा बंदच होता. त्यांची नजर बटणावरच्या खाचांवर गेली आणि तिथेच राहिली.

“आणि पिवळी, काका?”

“ती जरा लाजरी आहे.”

“हो ना,” मॅडम म्हणाल्या. दिवा त्यांनी लावला नाही.

जिना उतरताना त्यांनी काकांचा हात धरला नाही. फक्त एक पायरी पुढे राहून, चपला मुद्दाम वाजवत, त्या सावकाश उतरत गेल्या.