दुसरी किल्ली

आमच्या उपग्रह केंद्रात एक नियम डोळे झाकून पाळायचा. अँटेनावर चढणाऱ्याने आधी मोटरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात घालायची. किल्लीशिवाय अँटेनाची ती बारा मीटरची ताटली जागची हलत नाही.

मामा हा नियम जरा जास्तच पाळायचा. माझा सख्खा मामा, केंद्राचा मेकॅनिक. चार वेळा तो किल्ली खिशात घेऊन घरी गेला आणि उपग्रह आमच्या डोक्यावरून निघून गेले. बोलणी खाल्ली मी, कारण ताटली फिरवायच्या यंत्रापुढे मी बसते. शेवटी वैतागून मी कुलपवाल्याकडून दुसरी किल्ली करून आणली आणि खणात लपवली. मामालाही सांगितलं नाही.

त्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी एक उपग्रह क्षितिजावर येणार होता. त्याची बॅटरी संपत आली होती. नऊ मिनिटं तो आमच्या टप्प्यात असणार, तेवढ्यात त्याला पंख सूर्याकडे वळवायची आज्ञा द्यायची होती. दोन वाजले तरी यंत्रात किल्ली नाही. मामाला फोन लावला, तर तो शेजारच्या खोलीत त्याच्याच पिशवीत वाजला.

"गेला किल्ली घेऊन जेवायला! धन्य आहे या माणसाची," असं म्हणत मी खण उघडला आणि दुसरी किल्ली यंत्रात लावली.

आभाळाकडे तोंड करून असलेली ताटली क्षितिजाकडे कलायला लागली. मी पडद्यावरचे अंश बघत होते. ऐंशी. साठ. पंचेचाळीस. तेवढ्यात अंगणाच्या कॅमेऱ्यात वरून काहीतरी पडलं. ग्रीसचा डबा होता.

ताटली थांबवायचं लाल बटण दाबून मी बाहेर धावले.

मामा ताटलीच्या मधल्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळत होता. खाली चार मजले काही नव्हतं.

"सावकाश घे गं," तो कसाबसा म्हणाला. "झटका देऊ नकोस."

ताटली परत वर न्यायला मला आत यावं लागलं, आणि आतून मामा दिसत नाही. दिसते फक्त अंगणातली फरशी. सगळ्यात कमी वेग लावला; वर जायला चार मिनिटं लागणार होती. फरशी रिकामी आहे तोवर मामा आहे, एवढंच मला कळत होतं. फोनवर साहेब ओरडत होते, "अगं, उपग्रह आला, आज्ञा दे!" मी फरशीवरून नजर काढली नाही. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

मामा उतरून आत आला तेव्हा उपग्रह मावळला होता. मामाचे तळहात सोलवटले होते.

"माझंच चुकलं असणार," तो खुर्चीत बसत म्हणाला. "किल्ली काढायची विसरलो बहुतेक. वय झालं गं आता."

गप्प बसावं असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, मी गप्पच बसले.

हात पुसायला त्याने खिशातून रुमाल ओढला. त्याबरोबर किल्ली बाहेर पडली. मामाने तिच्याकडे पाहिलं, मग यंत्रात लावलेल्या किल्लीकडे, मग माझ्याकडे.

मग वाकून त्याने किल्ली उचलली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ही पण तूच ठेव," तो म्हणाला.