जलराणीच्या अँटेनाला नारळपाणी

माझ्या डोक्यावर उभं राहून "झालं का?" विचारणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. महादेवराव दर मिनिटाला विचारत होते.

मी सरिता. मनीषनगरात माझं वायरलेस दुरुस्तीचं दुकान आहे. महादेवरावांची 'जलराणी' ही पर्यटकांना फिरवणारी दोनमजली बोट कुहीच्या पुढे, धरणाच्या फुगवट्यात चालते. मध्यावर मोबाइलला रेंज नाही, म्हणून एक वायरलेस सेट बोटीवर आणि दुसरा काठावरच्या चहाच्या टपरीत. टपरी त्यांच्या पत्नी जिजाबाई सांभाळतात. बोटीची अँटेना दोन महिन्यांत तिसऱ्यांदा मुकी झाली होती. आधी दोनदा मीच दुरुस्त केली होती, म्हणजे नाक माझं कापलं जात होतं. त्यात आज दुपारी तपासणीला साहेब येणार होते. वायरलेस बोलला नाही तर परवाना गेला.

"चार महिन्यांपासून पावसाचा थेंब नाही, मॅडम," महादेवराव म्हणाले. "मंग पानी कुठून घुसून राहिलं?"

मी वरच्या मजल्यावर गेले आणि अँटेनाच्या बुडाशी वायर कापली. आतली तांब्याची जाळी हिरवी पडली होती आणि बोटांना चिकट लागत होती. कठड्यावरून मुंग्यांची रांग थेट तिथवर आलेली. धरणाच्या पाण्यासाठी मुंग्या एवढी चढाई करत नाहीत. मी वास घेतला. आंबलेलं नारळपाणी.

"इथं नारळ कोण फोडतं?"

"जिजा. रोज सकाळी बोटीची पूजा करते," महादेवराव कौतुकाने म्हणाले. "अँटिना सगळ्यात उंच, म्हनून तिलेच पानी वाहते. लय भाविक आहे."

भाविक खरीच. पण मागच्या वेळी मी घट्ट गुंडाळलेली टेप कोणीतरी अलगद उलगडून परत चिकटवली होती. भक्तीला एवढी कारागिरी लागत नाही. मी तडक टपरीत गेले.

"काहून केलं, जिजाबाई?"

त्या पेले विसळत होत्या. मान वर केली नाही. "एक दिवस इथं बसून पाहा, ताई. 'जिजा, चहा ठेव. जिजा, भजे काढ. जिजा, माहा गमछा कुठं आहे.' मानूस पान्यात गेला तरी मले बसू देत नाही. चव्वीस वर्षं ऐकून राहिली मी. हे डबडं बंद पडलं का कसं गार वाटते."

"आणि बोट मध्येच बंद पडली असती, माणसं भरलेली, तर? आज तपासणी आहे, परवाना जाईल."

आता त्यांनी मान वर केली. तोंड उतरलं होतं. "तेवढं ध्यानातच नाही आलं वं ताई. अन् तपासणीचं मले कोनी सांगतलं? यायले फक्त चहाचं सांगता येते."

माझा राग तिथंच निवला. खरं सांगायचं तर मला त्या आवडल्या. मी नवी वायर घातली, अँटेनाचं बूड उन्हात वाळवलं, टेपचे तीन थर दिले आणि वायरला खाली एक वेढा ठेवला, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच टपकतं. महादेवरावांना सांगितलं, "पूजा यापुढे बोटीच्या नाकाशी करा."

दुपारी साहेब महादेवरावांसोबत बोटीतून मध्यावर गेले. मी जिजाबाईंजवळ बसले. सेट खरखरला, तपासणीसाठीचा खोटाच निरोप.

"जिजा, बोट बंद पडली. मदत पाठव. ओव्हर."

जिजाबाईंनी पदराने हात पुसला आणि बटण दाबलं. "आयकू आलं. आधी सांगा, उद्यापासून दुपारचा चहा कोन ठेवीन? ओव्हर."

मी हसू दाबत बसले होते. मग साहेबांचा आवाज आला, "अहो, उत्तर द्या. संभाषण पूर्ण झाल्याशिवाय मी सही करत नाही."

"मीच ठेवीन," महादेवराव म्हणाले. बारीक आवाज, पण लख्ख. "उद्यापासून. ओव्हर."

"उद्यापासून काहून? साहेब आजच आले आहेत. मदत पाठवली. ओव्हर."

बोट काठाला लागली. सही झालेला कागद खिशात घालून महादेवराव टपरीत शिरले, स्टोव्हसमोर उभे राहिले आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "साखर कुठं असते वं?"

जिजाबाई दोन हातांच्या अंतरावरच बसल्या होत्या. तरी त्यांनी सेटचं बटण दाबलं.

"वरच्या फळीवर, डावीकडं. ओव्हर."

रिकाम्या बोटीतल्या सेटवरूनही तेच स्पष्ट ऐकू आलं.